भांडी तरी काढून घ्यायची!

काल रात्री १९९२ चा ‘न्यू ड्रॅगन गेट इन’ हा हाँगकाँगचा सिनेमा बघत होते. चीनमधला मिंग काळ, सरहद्दीवरचं वाळवंट, एकच सराई. शेवटी सराईची मालकीण झालेली मॅगी चेउंग आपलीच सराई पेटवून निघून जाते.

मागून आई म्हणाली, “अगं, भांडी तरी काढून घ्यायची!”

मला हसू आलं. वाळूत उडणाऱ्या तलवारी, खलनायक झालेल्या डॉनी येनच्या पायाचं नुसतं हाड उरवणारा तो आचारी (बोकड सोलावा तसा!), यातलं तिने काहीच मनावर घेतलं नव्हतं. तिला दिसली ती खानावळवाली बाई.

आईने बावीस वर्षं मेस चालवली. मोठी पातेली अजून माळ्यावर आहेत, मोडीत काढू देत नाही.

विचारायचं राहिलंच, तुला कधी पेटवून द्यावंसं वाटलं होतं का गं?