आमची वाटचाल : गेटवर शिकलेला कायदा

१९९८ साली वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही सिक्युरिटी एजन्सी सुरू केली. एक टेबल, एक फोन आणि सहा गार्ड एवढाच संसार. आम्ही म्हणजे मी आणि सुभेदारसाहेब. साहेब साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन ठाण्याला मुलाकडे आलेले. पैसा माझा, माणसं त्यांची. सुरक्षा रक्षक मंडळाचे कागद, त्यातून मिळवायची सूट आणि पुढे २००५ चा 'पसारा' (PSARA), म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सींच्या परवान्याचा कायदा, यात किती चपला झिजतात ते धंद्यातल्यांना सांगायला नको.

पहिली मोठी साइट रबाळ्याची. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळणारा कारखाना, दोन पाळ्यांत मिळून सव्वाशे कामगार. रोज थोडं थोडं तांबं बाहेर जात होतं. डब्याच्या तळाशी, बुटात, एकदा तर छत्रीच्या दांड्यात. मालकांना आम्ही तेव्हापासून काका म्हणतो. ते वैतागून म्हणाले, "कपडे उतरवून बघा, पण माझं तांबं थांबवा." साहेब ताडकन उभे राहिले. "काका, गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. अंगाला हात लावायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही. तुमच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या कामगारांसाठीच्या नियमांत, झडतीचं कलम आहे का ते आधी दाखवा." कलम होतं. गेटवरून जाता-येता झडती द्यावी लागेल, बाईची झडती बाईच घेईल. त्या आधारावर साहेबांनी पद्धत बसवली.

त्या पद्धतीतली पिशवी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. साहेबांच्या घरच्यांनी मांजरपाटाची शिवून दिली होती, वर नाडी, तोंड मनगट जेमतेम जाईल एवढं. आत पन्नास गोट्या, पंचेचाळीस पांढऱ्या आणि पाच लाल. पाळी सुटली की प्रत्येकानं हात घालून एक गोटी काढायची, दाखवायची, परत टाकायची. लाल निघाली तर केबिनमध्ये जाऊन डबा आणि पिशवी स्वतःच्या हातानं उघडून दाखवायची, अंगावरून फक्त हँड डिटेक्टर फिरणार. पांढरी निघाली तर सरळ घरी. "तू इकडे ये" असं गार्डनं कुणालाच म्हणायचं नाही, त्यामुळे भांडणाचं मूळच गेलं. मॅनेजरनंही हात घालायचा आणि काकांनीही, ही साहेबांची अट. काका एकदाही चुकले नाहीत. तिसऱ्या महिन्यात तांब्याची तूट जवळजवळ थांबली. तेव्हापासून काका आमचे आणि आम्ही त्यांचे.

त्यानंतर २०१० पर्यंत माणसं वाढली, साइट वाढल्या, पगार सात तारखेला होत राहिले. गाळा विकत घेतला.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र सगळं बसायच्या बेताला आलं. घोडबंदर रोडला कपड्यांचं तीन मजली दुकान होतं, आमचे चौदा गार्ड तिथे. साहेब गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गावी गेलेले. दुकानाचा मॅनेजर आमच्या सुपरवायझरला रोज तोंडी बजावायचा, अलार्म वाजला की सोडायचं नाही, पर्स रिकामी करून बघायची. लेखी काही नाही. सुपरवायझरनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, बघू. तो "बघू" मला फार महागात पडला.

एका रविवारी संध्याकाळी गेटवरचा अलार्म वाजला. कळव्याची मुलगी, नर्सिंग शिकणारी. आमच्या गार्डनं वाट अडवली, तिला मागच्या खोलीत बसवलं आणि पर्स टेबलावर उपडी केली. लोकलचा पास, थर्मामीटर, केसांच्या पिना आणि घडी घातलेलं त्याच दुकानाचं बिल. पैसे भरलेले होते. कुर्त्याचा टॅग काढायचा कॅशियर विसरला होता. बिल डोळ्यांसमोर पडलेलं असताना मॅनेजर येईपर्यंत तिला बसवून ठेवलं. पन्नास मिनिटं.

तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३ मी आधी वाचलं असतं तर त्या सुपरवायझरला "बघू" म्हटलं नसतं. खासगी माणसानं कुणाला पकडायचं तर गुन्हा त्याच्या समक्ष घडलेला हवा, तो दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतील असा हवा आणि अजामीनपात्रही हवा, नाहीतर समोरचा न्यायालयानं घोषित केलेला फरारी हवा. पकडलं की विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या हवाली करायचं. अंगझडती घेणार तो पोलीस अधिकारी, आणि बाई असेल तर बाईकडूनच, शालीनता राखून. ते कलम ५१. आमच्या गार्डनं चोरी पाहिलीच नव्हती. त्यानं यंत्राचा आवाज ऐकला होता. त्याच्यावर आणि सुपरवायझरवर गुन्हा नोंदला गेला, भारतीय दंड विधानाची कलमं ३४१ आणि ३४२. वाट अडवणं आणि डांबून ठेवणं.

आठवड्यात दुकानाचं पत्र आलं. झडतीची कोणतीही सूचना आम्ही दिलेली नव्हती, एजन्सीच्या माणसानं परस्पर केलं, सबब करार रद्द. दोन महिन्यांचं ३ लाख ४० हजारांचं बिल अडकवलं ते अडकवलंच. जो मॅनेजर रोज कानाशी लागायचा तो नंतर फोनही उचलेना.

मग एक दुसरी एजन्सी पुढे सरसावली. तिचा मालक चार वर्षं आमच्याकडे फील्ड ऑफिसर होता. कुठल्या साइटला किती दर, कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी कधी भेटतो, सगळं त्याला पाठ. पेपरात आलेल्या आमच्या केसच्या बातमीच्या झेरॉक्स घेऊन तो महापे, तुर्भे, कोपरखैरणे फिरला. दर डोक्यामागे पाचशे रुपये कमी. चार महिन्यांत आमच्या नऊ साइट गेल्या. किमान वेतन आणि पीएफ भरून त्या दरात गार्ड देता येत नाही, हे हिशेब येणाऱ्या कुणालाही कळतं. तरी लोक गेले. पगारासाठी मी गाळा गहाण टाकला. परवान्याच्या नूतनीकरणाची फाईलही नेमकी तेव्हाच निघाली होती. प्रत्येक ठिकाणी "तुमच्यावर केस आहे ना?" हे ऐकावं लागलं.

साहेब गावाहून काठी टेकत आले. आधी मला खूप बोलले. मग म्हणाले, "चला कळव्याला." त्या घरी आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. मुलगी एवढंच म्हणाली, "मी बिल दाखवते म्हणत होते, कुणी ऐकलंच नाही." लेखी माफी दिली, गार्डनंही दिली. दोन्ही कलमं तडजोडीची होती. चौदा महिन्यांनी तिनं कोर्टात संमती दिली आणि प्रकरण मिटलं. त्या गार्डला आम्ही काढलं नाही. नियमाप्रमाणे १०० तासांचा वर्ग आणि ६० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण त्याला दिलं होतं, पण आपले अधिकार कुठे संपतात यावर त्यात एकच तास होता. चूक आमची होती.

या काळात काकांनी महाप्याचं नवं युनिटही आम्हालाच दिलं, वर तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. तो दुसरा एजन्सीवाला त्यांच्याकडेही झेरॉक्स घेऊन गेला होता. काकांनी त्याला चहा पाजला आणि गेटवर गोटी काढायला लावली.

नव्यानं एजन्सी काढणाऱ्यांना सांगतो, झडतीबद्दलची प्रत्येक सूचना क्लायंटच्या लेटरहेडवर घ्या. मॉलच्या दारात बॅग बघणं ही आत येण्याची अट असते. माणूस नाही म्हणाला तर त्याला प्रवेश नाकारता येतो. त्याची बॅग हिसकावता येत नाही आणि त्याला अडवूनही ठेवता येत नाही. कॉलर धरायची नाही, खोलीत न्यायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. संशय असेल तर ११२ लावा आणि रजिस्टरमध्ये वेळ टाका. ड्रेस पोलिसासारखा दिसता कामा नये, पसारा कायद्यात त्याला शिक्षा आहे. आम्ही खाकीच्या जवळचा रंग सोडून निळा घेतला. गार्डची बोलण्याची तऱ्हासुद्धा त्यानं बदलली.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खासगी माणसानं पकडण्याचं कलम आता ४०, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दुकानदारांना याहून महत्त्वाची गोष्ट अजून कळलेली नाही. पाच हजारांच्या आतल्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे दोन हजारांचा शर्ट उचलताना डोळ्यांनी पाहिलं तरी आमच्या गार्डला त्या माणसाच्या अटकेचा अधिकार आहे असं धरून चालता येत नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानानं "संशयिताची झडती एजन्सी घेईल" असं वाक्य करारात घातलं होतं. मी ते खोडून कागद परत पाठवला. साइट गेली.

आज आमच्याकडे दोनशे दहा गार्ड आहेत, त्यात चौतीस महिला. साहेब २०१९ मध्ये गेले. रबाळ्याला पिशवी तीच आहे, नाडी दोनदा बदलली.

घोडबंदरचं ते बिल अजून येणं आहे. दर मार्चअखेर आमचे अकाउंटंट विचारतात, बुडीत खात्यात टाकू का. मी नाही म्हणतो.