पीईचे मार्क रँकमध्ये धरावेत का? तुम्ही विचारलंत म्हणून

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत, आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभी असताना कुणी ना कुणी मला गाठतंच. मुलगी किंवा मुलगा नुकता नववीत गेलेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "ताई, इथे पीईचे मार्कसुद्धा रँकमध्ये धरतात म्हणे. हे बरोबर आहे का हो?" पीई म्हणजे फिजिकल एज्युकेशन, आपला पीटीचा तास. माझी दोन्ही मुलं इथल्याच, टेक्ससमधल्या सरकारी हायस्कूलमधून बाहेर पडली, म्हणून मला विचारतात. हातात द्रोण धरून याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

धरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पीईचा तास मात्र एका मिनिटानेही कमी होऊ नये.

नव्याने आलेल्यांसाठी आधी रँकबद्दल सांगते. रँक म्हणजे हायस्कूलच्या मार्कांवरून आपल्या इयत्तेत लागणारा नंबर. १९९७ साली टेक्ससने कायदा केला की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमधल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळेल. खेड्यातल्या, गरीब वस्तीतल्या शाळांतल्या मुलांनाही दार उघडं राहावं, म्हणून. तो कायदा मला मनापासून पटतो. पण ऑस्टिनच्या विद्यापीठाकडे इतकी गर्दी झाली की त्यांना वेगळी मुभा मिळाली. तिथे थेट प्रवेशाची रेघ बरीच वर्षं ६ टक्क्यांवर होती, २०२६ च्या प्रवेशांपासून ती ५ टक्के झाली. ६०० मुलांच्या इयत्तेत म्हणजे पहिली ३०. एकतिसाव्याला अर्ज करून वाट बघायची. मग मुलं जीपीएच्या, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या सरासरीच्या, दुसऱ्या-तिसऱ्या दशांशावर झुंजतात, यात नवल नाही.

आता पीई त्यात कुठे येतं ते बघा. कुठले विषय रँकमध्ये धरायचे ते प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपापलं ठरवतं. काही ठिकाणी पीई वगळतात. आमच्याकडे धरतात. आणि आमच्याकडे एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीच्या अवघड विषयातल्या 'ए'ला ५ गुण, साध्या विषयातल्या 'ए'ला ४. पीई साधा विषय. समजा, एका मुलीने सहा एपी विषय घेतले आणि सगळ्यांत 'ए' मिळवला, तर तिची सरासरी ५. तिने सातवा विषय म्हणून पीई घेतलं, १०० पैकी १०० मिळवले, की झाले ३४ भागिले ७, म्हणजे ४.८६. पैकीच्या पैकी मार्क मिळवून ती खाली आली! तो तास रिकामा ठेवला असता तर वर राहिली असती.

लोकांना वाटतं, पीईचे मार्क धरले तर खेळणाऱ्या मुलांचं भलं होईल. माझी एक जिवलग मैत्रीण कळवळून हेच म्हणते, की गणितात हुशार मुलाला मान मिळतो, मग पळण्यात हुशार मुलाला का नको? तिचं दुःख मला कळतं. पण या हिशेबात पळणाऱ्या मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. पीईत बहुतेक सगळ्यांनाच शंभराच्या आसपास मिळतात. कोण चांगला पळतो हे रँकमध्ये उमटतच नाही, उमटतं ते फक्त कोणी पीई जास्त वेळा घेतलं.

माझ्या मुलीला पळायला फार आवडायचं. हायस्कूल पूर्ण करायला पीईचं एकच क्रेडिट, म्हणजे वर्षभराचा एक कोर्स, लागतं, ते तिने नववीत पूर्ण केलं. अकरावीसाठी तिने पुन्हा पीईचाच एक कोर्स निवडला, वजनं उचलायचा. फेब्रुवारीत कोर्सचा फॉर्म भरायचा असतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पेन्सिलने लिहिलेलं ते नाव खोडलं, खोडरबराचा भुगा हाताने झटकला आणि तिथे एका एपी विषयाचं नाव लिहिलं. "काउन्सिलर म्हणाल्या, रँक खाली येईल," एवढंच बोलली. मी शेजारी पोळ्या लाटत होते. मी तिला "राहू दे गं, घे तू" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. आज सहा वर्षांनीही ते मला सलतं.

धाकट्याचं वेगळंच झालं. नववीत तो अंगाने बराच जाड होता. इथे पीईला कपडे बदलून यावं लागतं, न बदलल्यास त्या दिवसाचे मार्क जातात. लॉकर रूममध्ये सगळ्यांसमोर शर्ट काढायची त्याला इतकी लाज वाटायची की ऑगस्टच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हातही तो घरून पीईचा टीशर्ट आत घालून, वर दुसरा शर्ट चढवून जायचा. चड्डी मात्र तिथेच बदलावी लागे, आणि त्यातच त्याचे मार्क गेले. कोचचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, वर्गात ५० मुलं, काहीतरी मोजायला हवंच. पण जे मोजलं गेलं ते माझ्या मुलाचं संकोचणं होतं, आणि ते गणित-इतिहासाच्या मार्कांशेजारी जाऊन बसलं.

आणि इथल्याच पीईत एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटने तयार केलेली फिटनेसग्रॅम नावाची चाचणी टेक्ससमध्ये तिसरीपासून बारावीपर्यंत घेतात. २० मीटरच्या दोन रेघा, टेपवरची बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, दर मिनिटाला दोन बीपमधला वेळ कमी होत जातो. त्यात पहिला-दुसरा नंबर काढायचा नसतो. या वयाच्या मुलाला निरोगी राहायला एवढं पुरेसं, अशी मर्यादा ठरलेली असते आणि तुमचं मूल तिथे पोचतं का, एवढंच बघायचं. शेजारच्या मुलाशी तुलना नाही. रँकमध्ये तर फक्त तुलनाच असते.

एक धास्ती मात्र मलाही आहे. मार्क काढले की लोक तास गुंडाळतील. मी सांगलीत शिकले. सहामाही जवळ आली की आमचा पीटीचा तास गणिताच्या बाई घेऊन जायच्या. खो-खोचे खांब मैदानात नुसते उभे, आणि आम्ही खिडकीतून त्यांच्याकडे बघत प्रमेय उतरवून घ्यायचो. तसं इथे व्हायला नको. म्हणूनच हायस्कूल पूर्ण करायला पीई लागतंच, ही अट राहू दे, उलट २६ क्रेडिटांत पीईचं एक फार कमी आहे, दोन करा. पास-नापास ठेवा. मग माझ्या मुलीसारखी मुलगी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पीई घेईल आणि तिला कॅल्क्युलेटर काढावा लागणार नाही.

स्कूल बोर्डाच्या बैठकीत पालकांना तीन मिनिटं बोलू देतात. मी दोनदा बोलले. नियम अजून तोच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा नाव देणार आहे. तुमची मुलं आत्ता शाळेत आहेत, माझी नाहीत. माझ्यापाठोपाठ तुमच्यातल्या दोघा-तिघांनी नाव दिलं तर बरं होईल.