वांडाचं घर, दादाचं कपाट

दादा गेल्यावर सहा महिने मी धड काहीच पाहिलं नाही. टीव्ही सुरू असायचा, एवढंच. 'वांडाव्हिजन' लावलं तेही भाच्याच्या हट्टाखातर. भाचा म्हणजे दादाचाच मुलगा, वय वर्षं तेरा. २०२१ मध्ये आलेली मार्व्हलची ही नऊ भागांची मालिका, सुपरहिरोंची, म्हणून मी अर्धं लक्षच देत होते.

आठव्या भागात, जुन्या आठवणीत, मालिकेची नायिका वांडा हिचा जुळा भाऊ नुकताच गेलाय. ती एकटीच पलंगावर बसून विनोदी मालिका बघतेय. व्हिजन, पुढे तिचा जोडीदार होणारा यंत्रमानव, शेजारी येऊन बसतो. पडद्यावर एका माणसाच्या अंगावर त्यानेच उभारलेला लाकडी मांडव कोसळतो. त्याला लागलं म्हणून हसायचं का, असं व्हिजन विचारतो. ती म्हणते, त्याला खरं लागलेलं नाही, ही तसली मालिकाच नाही. छप्पर अंगावर पडलं तरी माणूस उठून उभा राहतो, असं जग हवंय तिला! माझ्या हातातला रिमोट तसाच राहिला. मग ती लाटेबद्दल बोलते: येते, पाडते, उठायला जावं तर पुन्हा येते. शोक म्हणजे टिकून राहिलेलं प्रेमच, हे व्हिजनचं म्हणणं सगळ्यांना लक्षात राहतं. मलाही राहिलं.

पण झोप उडवली ती शेवटच्या भागाने. दुःखात जादूने नवरा-मुलांसह मनासारखं घर उभारताना वांडाने कोंडून ठेवलेल्या वेस्टव्ह्यू गावातली माणसं तिला सांगतात, तुझं दुःख आम्ही भोगतोय, झोपेतही तुझीच भयंकर स्वप्नं पडतात आम्हाला.

दादाच्या कपाटाला मी कुणाला हात लावू देत नव्हते. "ताई, याचे कपडे ठेवायला जागा नाही हो," असं वहिनी दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी रडून घर डोक्यावर घेतलं. नवरा तिचा गेला होता, बाप त्याचा. आणि ती दोघं मला सांभाळत होती.

वांडा मुलांना झोपवते, मला आई म्हणून निवडलंत, असं म्हणून त्यांचे आभार मानते, आणि आपलं घर आपल्याच हाताने जाऊ देते. मुलांच्या खोलीतला तो प्रसंग मी तीनदा पाहिला.

रविवारी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. निळ्या चौकडीचा शर्ट भाच्याने अंगाला लावून पाहिला. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या.

"आत्या, दोन वर्षांनी होईल मला."

तो शर्ट वरच्या कप्प्यात ठेवला. खालचे तीन कप्पे त्याचे.