“लिहीन की. पण काय लिहू?”

अमेरिकेतल्या हॉस्पिटलमधल्या चार आठवड्यांच्या रोटेशनचा, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली काम शिकण्याचा, आज शेवटचा दिवस. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पुढच्या डॉक्टरी प्रशिक्षणासाठी, शिफारसपत्र मागितलं, तर अटेंडिंग (वरिष्ठ डॉक्टर) मॅडमनी हे विचारलं. सूर खोचक नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

मी पटकन म्हणाले, “हार्डवर्किंग, पंक्च्युअल...” त्या हसल्या. “ते सगळ्यांच्याच पत्रात असतं. तुझा एखादा पेशंट सांग.”

मी गप्प. मग दुसऱ्या आठवड्यातल्या आजी आठवल्या. गोळ्या बंद का केल्या, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले, तेव्हा कळलं की बाटलीवरची अक्षरंच त्यांना वाचता येत नव्हती. मॅडमनी लगेच वहीत टिपलं. “हे मला माहीतच नव्हतं!”

कसं असणार? मी कधी सांगितलंच नाही. चार आठवडे मान खाली घालून काम केलं. कोणाच्या तरी लक्षात येईल, असं धरून चालले होते. आपल्याकडे असंच शिकवतात ना, आपण आपलं काम करावं, बोलू नये.

इरासमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत, एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ पत्रं जोडता येतात. पत्र लिहिणारा ते स्वतःच अपलोड करतो आणि वाचण्याचा हक्क आपण बहुतेक वेळा आधीच सोडून दिलेला असतो. म्हणजे मॅडम काय लिहितील, ते मला कधीच कळणार नाही.

आजी त्यात असतील का?