आमची वाटचाल : तेलाचा डबा आणि सोयाबीनची पट्टी

आमचा शेव-चिवड्याचा कारखाना लातूरचा. वडिलांनी एका कढईवर सुरू केला, आता आम्ही दोघे भाऊ सांभाळतो. सुटा माल दुकानातून जातो, पाकिटं आसपासच्या गावांतल्या किराणा दुकानांत. धंद्याची जागा, माणसं, यंत्रं यांबद्दल पुष्कळ सांगता येईल. पण आमची खरी कसोटी लागते ती भाव ठरवताना.

आमचा मोठा खर्च बेसन आणि तेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. आम्ही सोयाबीन तेलात तळतो, पण एक तेल चढलं की बाकीचीही मागोमाग चढतात. त्या एप्रिलात देशातली किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. सुट्या शेवेचा भाव आम्ही टप्प्याटप्प्याने वाढवला. दहा रुपयांच्या पाकिटाला मात्र हात लावता येत नाही. पोरं दहाची नोट घेऊन येतात, त्यामुळे गावातला दुकानदार बाराचं पाकीट ठेवतच नाही. तिथे वजनच कमी करावं लागलं. नवं वजन आम्ही पाकिटावर समोरच ठळक छापलं. भाव वाढला तर गिऱ्हाईक समजून घेतं, लपवलेलं खपवून घेत नाही.

महागाईत लोक खाणं सोडत नाहीत, माप कमी करतात. किलो नेणारे अर्धा किलो नेतात, काजूवाल्या चिवड्याऐवजी साधा पोह्यांचा चालतो.

स्वस्ताई त्याहून अवघड. आमचं निम्मं गिऱ्हाईक सोयाबीनवालं. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, माल घालायचा, आडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घ्यायची आणि मग दिवाळीचा बाजार करायचा, ही इथली रीत. म्हणजे तेल स्वस्त हवं आणि सोयाबीनला भावही हवा, अशी आमची गरज. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचा डबा महागला. सोयाबीन मात्र क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात त्याच्या खालीच विकलं गेलं. "यंदा पावशेरच द्या मामा" म्हणणारा शेतकरी समोर उभा असला की आपलाही जीव तुटतो.

२०२५ मध्ये उलटं झालं. मेअखेर ते शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आम्ही दहाच्या पाकिटात वजन वाढवलं. ऑक्टोबरात महागाई अवघी ०.२५ टक्के, खाण्याच्या वस्तू तर आदल्या वर्षापेक्षाही स्वस्त. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. पगारदारांनी खरेदी वाढवली, खेड्यांतली वाढली नाही. शिवाय उतरत्या बाजारात किराणावाले माल भरत नाहीत. "थांबा, अजून उतरेल" म्हणतात. चढ्या भावाने घेतलेलं बेसन तेवढं आमच्या गोदामात पडून राहतं.

म्हणून आता बेसन आणि तेल आम्ही आठवड्याच्या गरजेपुरतंच उचलतो. दिवाळीला किती माल काढायचा हे मोंढ्यातली आवक आणि पट्टीवरचा आकडा बघून ठरतं. सोयाबीनला हमीभाव मिळणार असेल, तर डब्यामागे चार पैसे जास्त मोजायला आम्ही आनंदाने तयार आहोत.