चिलटाच्या डोक्यात

आंब्याची आढी उकलली की एखादा तरी उतरलेला निघतोच, आणि आपल्या नाकाला कळायच्या आधी तो चिलटांना कळलेला असतो. खिडक्यांना जाळी लावा, टोपलीवर फडकं घाला, ती येतातच. शेवटी मी वाटीत व्हिनेगर आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून सापळा मांडते. खरं तर त्यांचा जीव फळापेक्षा फळावर वाढणाऱ्या यीस्टवर असतो. आंबूस वास त्याचाच.

हे ज्ञान माझ्या भाचीचं. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत चिलटं पाळते. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर-अगर शिजवून बाटल्या भरते आणि त्यांचे संसार सांभाळते. मावशी मारते, भाची वाढवते, असा आमच्या घरचा हिशेब आहे. परवा तिनं फोनवर सांगितलं, "आजी, मी रात्री जेवायला नाही गं, व्हर्जिन गोळा करायच्यात." आईनं काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

भानगड साधी आहे. कोषातून बाहेर पडलेली मादी पहिले आठेक तास नराला दाद देत नाही. जोडी आपल्या मर्जीप्रमाणे लावायची तर तेवढ्या वेळात माद्या वेगळ्या काढाव्या लागतात. कार्बन डायऑक्साइड सोडून गुंगी आणायची, सूक्ष्मदर्शकाखाली पसरायच्या आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशनं एकेक बाजूला सारायची. मी एकदा पाहिलंय. नवी मादी फिकट असते, आणि तिच्या पोटात एक काळसर ठिपका आरपार दिसतो. तो दिसला की घ्यायची. एवढ्या नाजूक कामावर मेंदूचं शास्त्र उभं आहे, हे मला तेव्हा पटलं नव्हतं.

मेंदूतल्या पेशी बघण्याची पंचाईत अशी की त्या एकमेकींत भयंकर गुंतलेल्या असतात. सगळ्या रंगवल्या तर नुसता काळा गोळा दिसतो. १८७३ साली इटलीतल्या कामिलो गोल्जीला चांदीच्या क्षारांची एक रीत सापडली. तिच्यात मोजक्याच पेशी रंगत, पण शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. त्या रीतीनं स्पेनच्या काहालनं आयुष्यभर मेंदू रेखाटले. दोघांना १९०६ चं नोबेल मिळून मिळालं, आणि मेंदू म्हणजे एक सलग जाळं की सुट्या पेशी, यावर दोघांचं तेव्हाही पटत नव्हतं. पण रंगणार कुठल्या पेशी, हे दोघांच्याही हातात नव्हतं.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ओबेद सिद्दीकींनी चिलटं हाती घेतली तेव्हाही नशिबाचा भाग मोठाच होता. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये त्यांनी तिथं रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढं मूळ गोव्याच्या घरातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे आल्या. एखादं जनुक बिघडल्यामुळं वास किंवा चव न कळणारी चिलटं या मंडळींनी शोधून काढली. बिघाड आधी, कारण नंतर. पाणी ज्या बाजूनं मुरतं तिकडूनच भिंत फोडत जायचं. मला ही पद्धत आवडते. तिच्यात मिजास नाही.

मग १९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी निवड माणसाच्या हातात आणून दिली, आणि त्यासाठी उसनवारी केली ती यीस्टकडून. यीस्टमध्ये गॅल-४ नावाचं एक प्रथिन आहे. ते डीएनएवरच्या ठरावीक खुणेला चिकटतं आणि तिच्यापुढची जनुकं चालू करतं. ती खूण चिलटाच्या डीएनएमध्ये नसते. म्हणून मादीत गॅल-४ घालायचं, तेही हव्या त्याच पेशींत तयार होईल असं. आणि नरात ती खूण घालायची, तिच्यापुढं आपल्याला हवं ते जनुक जोडून. एकेकटे असताना दोघांचंही काही घडत नाही. पोरांत मात्र दोन्ही वस्तू एकत्र येतात, आणि नेमक्या त्याच पेशी कामाला लागतात. पुढं जोडलेलं जनुक जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं असेल, तर तेवढ्याच पेशी मुळापासून टोकापर्यंत हिरव्या दिसतात. ज्या यीस्टसाठी चिलटं माझ्या टोपलीवर येतात, त्याच यीस्टचं जनुक!

दिसलं, आता काम कळायला हवं. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये कुठल्याच वायरवर नाव नाही. वायरमन एकेक फ्यूज काढतो आणि वर कोण ओरडतंय ते ऐकतो. चिलटांतही असंच करतात. पेशी बंद पाडणारं जनुक घालतात, नाहीतर चेतवणारं. २०१४ मध्ये व्हिएन्नातल्या बॅरी डिक्सन यांच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. लेखकांत पहिलं नाव बिडये! आपल्याकडचं आडनाव दिसलं की उगाच छाती फुगते. त्यांनी उष्णतेनं चेतणारं जनुक वापरून पाहिलं. हवा तापवली की चिलटं चक्क मागं-मागं चालू लागत. शोधत गेल्यावर त्यामागं मोजक्याच पेशी निघाल्या. नाव ठेवलं मूनवॉकर.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकारानं एका मादी चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा पुरा झाला. मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या त्या मेंदूत १,३९,२५५ पेशी आणि ५ कोटींच्या आसपास जोडण्या. सुमारे ७,००० काप करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेला. कौतुक आहेच, पण आता मेंदू उलगडला, अशा बातम्या वाचून भाची वैतागते. नकाशा मेलेल्या मादीचा. कुठली पेशी कुणाला जोडलीय ते तो सांगतो. ती चेतली की चिलट काय करेल, ते जिवंत चिलटालाच विचारावं लागतं. म्हणून गुंगी आणि ब्रश अजून सुटलेले नाहीत.

त्या रात्री तिनं पायांच्या हालचालींसाठीची जोडी लावली. एवढं सगळं मी समजावून सांगितल्यावर आईनं तिला फोन लावला आणि विचारलं, "मग तुझी ती पोरं उलटी चालणार का गं?"

"कुणास ठाऊक, आजी. अंडी घालून बाहेर यायला दहा दिवस लागतात."

"बरं, तोवर जेवायला तरी ये."