कारो-कान बचाव समजून घेताना

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात पारावर बुद्धिबळाचा पट मांडला जातो तो देशी नियमांचा, ज्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते. आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळायचे ठरवल्यावर, काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ई४ या चालीला (पांढऱ्याचे राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे; अक्षर पटावरचा स्तंभ सांगते, आकडा ओळ) उत्तर म्हणून मी कारो-कान बचाव निवडला. कारो आणि कान या दोन खेळाडूंनी १८८६ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले होते. पाठांतरापेक्षा विचारावर चालणारी पद्धत, एवढेच माझे त्यामागचे कारण होते.

या बचावाच्या अभिजात (क्लासिकल) प्रकारातील चाली अशा: ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, मग काळा ई४ वर मारतो, घोडा ते प्यादे परत घेतो आणि काळ्याचा उंट एफ५ वर येतो. कापसाची वेचणी आटोपल्यावर संध्याकाळी मी या चाली शेजारच्या काकांसमोर मांडत असे. त्यांना सलामीची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, नावे ठाऊक नव्हती, पण प्रत्येक चालीला ते "हे कायले, बापू?" असे विचारत आणि उत्तर पटल्याखेरीज पुढची चाल करू देत नसत. माझा खरा अभ्यास त्या प्रश्नानेच झाला.

उंट आधी का? कारण ई६ खेळल्यावर प्याद्यांची भिंत उभी राहते आणि पांढऱ्या घरांवरचा उंट तिच्यामागे कोंडला जातो. वाडग्याचे फाटक लावण्याआधी बंडी बाहेर काढावी, तसे हे आहे. घोडा जी३ वरून हल्ला करतो, उंट जी६ वर सरकतो आणि पांढरा एच४ खेळतो. इथे काळा सहसा एच६ खेळून उंटाला जागा करून देतो, कारण काहीच केले नाही तर एच५ नंतर उंटाला सुरक्षित घर उरत नाही. पुढे पांढरा घोडा एफ३ वर आला, की काळ्याचा घोडा डी७ वर येतो, कारण ई५ हे घर त्या घोड्याला फुकट द्यायचे नसते. मग एच५, उंट एच७, आणि डी३ वर उंटांची अदलाबदल.

एच५ वरच्या प्याद्याने मला सर्वाधिक काळ थांबवले. पुस्तकी भाषेत ते जागा मिळवते. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट (राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या पलीकडे आणणारी चाल) केला, तर जी४-जी५ या हल्ल्याला त्याचाच आधार असतो; मात्र वजीर पटावरून गेले, की तेच प्यादे राखणे पांढऱ्याला जड जाऊ लागते. म्हणून काळा घाई करत नाही: ई६, घोडा एफ६, उंट ई७, आणि योग्य वेळी सी५. ही शेवटची चालच या रचनेचा प्राण आहे, असे माझे मत आहे. ती झाली नाही तर डी४ चे प्यादे ठाण मांडून बसते आणि काळा नुसता भक्कम, पण निरुपयोगी उभा राहतो. डी४ चे प्यादे सी५ वर मारले गेले, तर वजिराच्या बाजूला पांढऱ्याची तीन प्यादी काळ्याच्या दोन प्याद्यांसमोर उरतात आणि राजाच्या बाजूला काळ्याची चार पांढऱ्याच्या तिनांसमोर. शेवटच्या टप्प्यात आपण कुठे झुंजणार, हे तिथेच कळते.

भक्कम म्हणजे निर्धोक नव्हे, हे १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील नवव्या डावात दिसते. आव्हानवीर मिखाईल ताल यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी याच प्रकारात ई६ वर घोड्याचे बलिदान दिले. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारे तेव्हाचे जगज्जेते मिखाईल बोत्विनिक यांनी तो हल्ला सोसून डाव जिंकला. तो डाव मांडताना मात्र काका चालींवर नव्हे, काळ्याच्या राजावरच नजर ठेवून होते.